तेलाने माखलेली माती जिवाणू आणि गवताच्या मदतीने कशी साफ करायची

जमिनीवर डिझेल सांडलं की बहुतेकांना दोनच उपाय सुचतात. माती खोदून दुसरीकडे नेऊन टाकायची, नाहीतर वर चांगल्या मातीचा थर पसरून विषय मिटवायचा. पहिल्या उपायात घाण फक्त जागा बदलते आणि दुसऱ्यात ती नजरेआड होते. तिसरा उपाय संथ आहे, पण त्यात तेल खरोखरच संपतं: मातीतल्या जिवाणूंना ते खाऊ द्यायचं आणि पुढे गवताच्या मुळांना त्यांच्या मदतीला आणायचं.

हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. डिझेल, रॉकेल, वंगण किंवा कच्चं तेल मातीच्या वरच्या फूट-दोन फुटांत मुरलेलं असेल, तर इथली पद्धत उपयोगी पडेल. तेल विहिरीपर्यंत किंवा भूजलापर्यंत पोहोचलं असेल, गळती मोठी असेल किंवा इमारतीखाली असेल, तर स्वतः प्रयोग करू नका. पर्यावरण यंत्रणेला कळवा आणि तज्ज्ञांना बोलवा. लहान गळतीसुद्धा अनेक ठिकाणी कळवावी लागते, तेव्हा काम सुरू करण्याआधी आपल्याकडचा नियम पाहून घ्या.

विकतचे जिवाणू लागतात का?

पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो, म्हणून आधी त्याचं उत्तर. बहुतेक मातीत तेल खाणारे जिवाणू आधीपासूनच असतात. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, असिनेटोबॅक्टर, बॅसिलस या त्यातल्या नेहमी सापडणाऱ्या प्रजाती. तेल पडलं की त्यांच्यासाठी ते पंचपक्वान्नाचं ताट असतं आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

आनंद मोहन चक्रवर्ती या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात अमेरिकेत तेलातले अनेक घटक पचवू शकणारा एक स्यूडोमोनास जिवाणू प्रयोगशाळेत तयार केला. त्याच्या पेटंटचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. माणसाने घडवलेल्या सजीवाला पेटंट मिळू शकतं, हे त्या निकालाने ठरलं. गंमत अशी की कायद्याच्या इतिहासात एवढं नाव कमावणारा तो जिवाणू प्रत्यक्ष तेलगळतीवर काही सोडला गेला नाही.

त्याउलट १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यापाशी एक्सॉन व्हाल्डिझ हे जहाज फुटलं, तेव्हा सफाई करणाऱ्यांनी अनेक किनाऱ्यांवर चक्क खत फवारलं. तेल खाणारे जिवाणू तिथे होतेच, त्यांना नत्र आणि स्फुरद कमी पडत होतं. खत मिळालं आणि तेल पचण्याचा वेग वाढला. पण दगडगोट्यांच्या खोल थरात, जिथे हवा पोहोचत नव्हती, तिथे अडकलेलं तेल दशकं उलटून गेली तरी सापडत राहिलं. जिवाणू तिथेही असू शकतात, पण श्वास कोंडलेल्या जिवाणूकडून काम होत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी हवा, ओल आणि खत यांकडे बघा. हे तिन्ही व्यवस्थित देऊनही दोन-तीन महिन्यांत मातीतल्या तेलाचा आकडा हलला नाही, तरच जिवाणूंच्या पुड्या विकत घेण्याचा विचार करा.

पायरी १: गळती थांबवा, पाण्याला लांब ठेवा

टाकी किंवा नळी गळत असेल तर ती आधी बंद करा. वर साचलेलं मोकळं तेल लाकडाचा भुसा, कोरडी माती किंवा शोषक चटया टाकून टिपून घ्या. चमच्याने उचलता येईल असं तेल जिवाणूंच्या भरवशावर सोडू नका. टिपलेला भुसा घातक कचरा म्हणून वेगळा ठेवा आणि अधिकृत ठिकाणीच द्या.

डागाभोवती वीतभर उंचीचा बांध घाला आणि वरच्या अंगाला चर खणा, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही आणि आतलं बाहेर जाणार नाही. पाऊस तोंडावर असेल तर ताडपत्री टाका.

साबण किंवा डिटर्जंट ओतू नका. त्याने तेल सुटं होतं खरं, पण पाण्याबरोबर आणखी खोल उतरतं. डाग पेटवून देणं तर त्याहून वाईट. धूर विषारी, माती भाजून निघते आणि ज्यांच्या जिवावर काम करायचं ते जिवाणूच मरतात.

पेट्रोल असेल तर जास्त सावध राहा. त्याची वाफ भडका घेते आणि त्यातलं बेंझिन कर्करोगाला कारण ठरतं. अशा जागी ठिणगी, विडी-सिगारेट किंवा इंजिनावर चालणारं यंत्र नको. पेट्रोलने भिजलेली माती उकरली की ती साफ झाल्यासारखी वाटते, पण बरंचसं पेट्रोल नुसतं हवेत उडून गेलेलं असतं. पेट्रोलचं काम तज्ज्ञांकडेच द्यावं. पुढचं सगळं डिझेल आणि त्याहून जड तेलांसाठी आहे. तेलाला न विरघळणारे नायट्राइल हातमोजे आणि बूट प्रत्येक वेळी घालायचेच.

पायरी २: माती तपासा

ही पायरी लोक गाळतात आणि सहा महिन्यांनी ‘वास कमी झाला, म्हणजे माती साफ झाली’ असं म्हणतात. वास फक्त हलक्या, उडून जाणाऱ्या घटकांचा असतो. जड भाग वास न देता निवांत बसून राहतो.

डागाचे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनातून तीन खोलींवरची माती वेगवेगळी घ्या: ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर. काचेच्या स्वच्छ बरण्या गच्च भरा, झाकण घट्ट लावा आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बर्फात ठेवा. प्लास्टिकची पिशवी चालत नाही. शेजारच्या स्वच्छ मातीचाही एक नमुना घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

प्रयोगशाळेकडून या गोष्टी मागा:

- एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, म्हणजे टीपीएच. उत्तर प्रतिकिलो मिलिग्रॅममध्ये येतं. १०,००० म्हणजे मातीच्या वजनाच्या एक टक्का.
- सामू, म्हणजे पीएच. ६ ते ८ मध्ये असेल तर उत्तम.
- विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज.
- नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब.
- जड धातू, विशेषतः तेल इंजिनातून काढलेलं जुनं वंगण असेल तर.

यातले धातू आणि क्षार मुद्दाम समजून घ्या. जिवाणू तेल मोडून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करू शकतात, पण शिसं मोडता येत नाही. धातू भरपूर निघाले तर ही पद्धत एकटी पुरणार नाही. क्षारांचंही तसंच. तेलविहिरीतून कच्च्या तेलाबरोबर खारं पाणी वर येतं, आणि तिथल्या गळतीत झाडं अनेकदा तेलापेक्षा मिठाने मरतात. वाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरच्या वर असेल तर आधी क्षारांचा बंदोबस्त करा, गवत नंतर.

टीपीएच ५०,००० च्या वर, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त असेल, तर तिथे जिवाणूंचाही निभाव लागणं कठीण. अशी माती आधी वेगळी काढावी लागते, किंवा त्याच जागेवरच्या कमी तेलकट मातीत मिसळून तीव्रता खाली आणावी लागते. मिसळणं म्हणजे सफाई नव्हे, ती फक्त जिवाणूंना पेलवेल इतपत केलेली सोय. आणि काही ठिकाणी त्यालाही परवानगी लागते.

जिवाणू जिवंत आहेत का, हे घरच्या घरी बघा

दोन सारख्या बरण्या घ्या. एकीत तेलकट माती, दुसरीत तेवढीच स्वच्छ माती, दोन्हींना सारखीच ओल द्या. प्रत्येकीत चुन्याच्या निवळीची एक छोटी वाटी ठेवा आणि झाकण घट्ट लावा. जिवाणू श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि निवळी दुधाळ होते. तेलकट मातीतली निवळी आधी पांढरी झाली, तर तिथे जेवणावळ चालू आहे असं समजा. तसं झालं नाही तर मातीच्या नमुन्यात थोडं खत मिसळून पुन्हा पाहा. फरक पडला तर उपासमार कशाची होती ते कळतं. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण नवख्या माणसाला यातून जेवढं समजतं तेवढं अहवालातल्या रकान्यांतून समजत नाही.

पायरी ३: हवा

या सगळ्या कामात सर्वांत जास्त घाम इथेच गाळायचा आहे, आणि त्याला कारण आहे. डिझेलमधला रेणू म्हणजे कर्ब आणि हायड्रोजनची लांब साखळी. जिवाणू त्या साखळीच्या टोकाला ऑक्सिजनचा अणू बसवतो, मग तिचं अल्कोहोल होतं, पुढे आम्ल होतं आणि ते आम्ल दोन-दोन कर्बांचे तुकडे पाडत पचवलं जातं. म्हणजे ऑक्सिजन इथे नुसता श्वास नाही, साखळीला पहिला घाव घालणारी सुरीही तोच आहे.

किती लागतो? एक किलो तेल पूर्ण जळायला साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन. समजा तुमचा डाग १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल आहे. म्हणजे १५ घनमीटर, सुमारे २१ टन माती. टीपीएच एक टक्का असेल तर त्यात २१० किलो तेल आहे. त्याला सुमारे ७३५ किलो ऑक्सिजन हवा, म्हणजे अंदाजे २,६०० घनमीटर हवा. मातीच्या पोकळ्यांत एका वेळी मावते जेमतेम चार घनमीटर. म्हणजे मातीतली हवा साडेसहाशेहून जास्त वेळा बदलायला हवी. हा हिशेब एकदा मनात बसला की माती उकरायचा कंटाळा येत नाही.

सुरुवातीला दर आठवड्याला आणि दोन-तीन महिन्यांनंतर दर पंधरवड्याला माती वरखाली करा. छोट्या जागेत कुदळ-फावडं पुरतं, मोठ्या जागेत रोटाव्हेटर. पण माती वाफशावर, म्हणजे ना कोरडी ना चिखल, असतानाच. ओल्या चिकणमातीत अवजार घातलं तर वळवटासारखी ढेकळं निघतात आणि त्यांच्या पोटात हवा कधीच जात नाही. चिकणमाती असेल तर लाकडाचा चुरा, पेंढा किंवा वाळलेला काडीकचरा मिसळून ती भुसभुशीत करा. मात्र असा कोरडा काडीकचरा कुजताना स्वतःच नत्र ओढतो, तेव्हा तो हात राखून घाला.

तेल ३० सेंटिमीटरच्या खाली गेलं असेल तर नुसतं उकरून भागत नाही. माती काढून जाड प्लास्टिकवर ढीग रचतात, ढिगात भोकं पाडलेले पाइप घालतात आणि पंख्याने हवा खेळवतात. काम तेच, फक्त मजुरीऐवजी वीज.

पायरी ४: ओल

तेलकट मातीवर पाणी टाकलं की थेंब मोत्यांसारखे वर बसून राहतात. घाबरू नका, पण एकदम पाइप लावून भिजवूही नका. हलक्या फवाऱ्याने, थोडं थोडं, अनेकदा. चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळलं की माती पाणी धरू लागते.

ओल किती हवी, ते शेती करणाऱ्याला एका शब्दात सांगता येतं: वाफसा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, अंगठ्याने टोचला तर फुटावा आणि बोटांतून पाणी गळू नये. नवख्यांचा हात नेहमी पाण्याकडे सैल सुटतो. मी स्वतः पहिल्या खेपेला रोज संध्याकाळी इमानाने पाणी घालत होतो. महिन्याभराने खणून पाहिलं तर खाली काळा, कुजकट वासाचा चिखल आणि तेल जागच्या जागी. पाण्याने पोकळ्या भरल्या, हवा कोंडली. कोरडी माती पुन्हा भिजवता येते, पण चिखल सुकायची वाट बघत बसावं लागतं.

पायरी ५: नत्र आणि स्फुरद

तेलात कर्ब भरपूर, नत्र-स्फुरद जवळजवळ नाही. कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचं १०० : १० : १ हे प्रमाण सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरतात.

वरच्याच डागाचा हिशेब पुढे नेऊ. २१० किलो तेलात साधारण ८५ टक्के कर्ब, म्हणजे १७८ किलो. त्याला १७.८ किलो नत्र आणि १.८ किलो स्फुरद हवं. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतामध्ये शुद्ध स्फुरद सुमारे २० टक्के असतं, म्हणून ९ किलो डीएपी. त्यातूनच दीड-पावणेदोन किलो नत्र मिळतं. उरलेल्या १६ किलोसाठी ४६ टक्के नत्राचा युरिया, सुमारे ३५ किलो.

आता हा आकडा बघून पोतं उघडू नका. ही वरची मर्यादा आहे. एवढा युरिया एकदम दिला तर मातीतलं पाणी खारट होतं, अमोनिया सुटतो, जिवाणू मरतात आणि उरलेलं नत्र नायट्रेट होऊन भूजलात उतरतं. सहा-आठ हप्ते करा, पहिला हप्ता सर्वांत लहान ठेवा आणि मधे एकदा मातीतलं नत्र तपासून बाकीचे हप्ते ठरवा. अनेकदा निम्म्यातच काम भागतं. कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दिलं तर नत्र सावकाश सुटतं आणि नव्या जिवाणूंची भरही पडते. ताजं शेण मात्र नको, ते स्वतःच ऑक्सिजन खातं.

थंडीत वेग मंदावणार हे धरून चाला. माती १० अंश सेल्सिअसच्या खाली गेली की काम जवळजवळ थांबतं, २० ते ३० अंशांत ते जोमात चालतं.

पायरी ६: आता गवत

झाडं तेल मुळांनी शोषून घेतात, असा समज सर्रास आढळतो. डिझेल आणि वंगणातले मोठे, पाण्याला न जुमानणारे रेणू मुळांत फारसे शिरतच नाहीत. झाडाचं काम वेगळं आहे. मुळं शर्करा आणि आम्लं पाझरतात, त्यावर जिवाणूंची वस्ती वाढते. मुळं मातीत वाटा काढतात आणि मेल्यावर त्याच वाटांनी हवा खाली जाते. उकरणं थांबवल्यावर हवा देण्याची जबाबदारी गवताच्या तंतुमुळांवर येते.

म्हणून गवत पहिल्या दिवशी लावायचं नसतं. टीपीएच साधारण एक-दोन टक्क्यांच्या खाली आल्यावरच पेरा. त्याआधी अळिवाची चाचणी घ्या: एका बशीत डागाची ओली माती, दुसरीत स्वच्छ माती, दोन्हींत वीस-वीस बिया. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतो आणि तेलाला चटकन घाबरतो. स्वच्छ मातीच्या निम्म्यानेही बिया रुजल्या नाहीत, तर आणखी महिनाभर जिवाणूंनाच काम करू द्या.

निवड करताना दाट तंतुमुळांची, चिवट गवतं बघा. राय गवत आणि उंच फेस्क्यू थंड हवेत, हरळी आणि ज्वारीवर्गातली गवतं उष्ण हवेत. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि तो बियांनी नाही, कोंबांनी लावतात, त्यामुळे उगवण्याचा प्रश्नच येत नाही. जोडीला लसूणघास किंवा क्लोव्हरसारखं द्विदल लावलं तर हवेतलं नत्र मातीला मिळतं. एकच जात लावू नका. कोणती तग धरेल हे आधी सांगता येत नाही, आणि स्थानिक गवत असेल तर ते पसरून उपद्रव करण्याची भीती नाही. बी नेहमीपेक्षा दीडपट-दुप्पट दाट टाका, कारण बरंच वाया जाणार आहे. पिवळे पट्टे राहिले तर त्या जागा लक्षात ठेवा. तेल कुठे जास्त उरलंय याचा नकाशा गवतानेच काढून दिलेला असतो.

पॉप्लर आणि विलो ही झाडंही वापरतात, पण ती मुख्यतः खोलवरचं पाणी ओढून घेण्यासाठी. उथळ डागाला गवतच बरं.

या जागेवर खायचं काहीही पेरू नका आणि गुरं सोडू नका. कापलेलं गवत तिथेच सुकू द्या. धातू निघाले असतील तर मात्र ते गोळा करून वेगळं ठेवायचं.

पायरी ७: मोजत राहा

काम सुरू करतानाच डागाचा एखादा मीटरभर चौकोन आखून ठेवा, ज्यात ना खत, ना पाणी, ना कुदळ. तेल आपोआपही थोडं उडतं, थोडं मोडतं. तुमच्या मेहनतीने नेमका किती फरक पडला, हे त्या चौकोनाशिवाय कळणार नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागांतून, त्याच खोलीवरून नमुने घ्या आणि त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तपासून घ्या. पद्धत बदलली की आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. आकडा सुरुवातीला भराभर उतरतो, कारण सरळ साखळीचे रेणू आधी संपतात. मग फांद्यांचे, मग कड्यांचे. शेवटी डांबरासारखा भाग मातीच्या कणांना चिकटून राहतो आणि आलेख आडवा पडतो. जिवाणूंना तो सापडत नाही, पण पाण्यातही तो फारसा सुटत नाही. पांढऱ्या कुजीच्या बुरशी, म्हणजे लाकूड खाणाऱ्या बुरशी, अशा कड्यांच्या रेणूंवर हल्ला करू शकतात. धिंगरी अळिंबीचा वापरून झालेला भुसा मिसळून बघायचा असेल तर तो इथे बघा, सुरुवातीला नाही. त्या जागी अळिंबी उगवली तर खाऊ नका, हे वेगळं सांगायला नकोच.

कुठे थांबायचं ते जमिनीच्या वापरावर ठरतं. यार्डाला चालणारा आकडा मुलांच्या मैदानाला चालत नाही. तुमच्याकडची मर्यादा यंत्रणेकडून आधीच लेखी घ्या. हलक्या डिझेलच्या उथळ डागाला उबदार हवेत एक हंगाम पुरू शकतो, जुन्या कच्च्या तेलाला दोन-तीन वर्षंही लागतात. शेवटच्या दोन तपासण्या सलग मर्यादेच्या आत आल्या की बांध मोडा. तोवर न शिवलेला तो मीटरभर चौकोन आहेच. त्याला आता खत, ओल आणि कुदळ द्यायला सुरुवात करा.